रानभेंडीतला वटवट्या

श्रावण लागला की वाशीमच्या आमच्या मागच्या अंगणात तो येतो. अंगण कसलं, धुणं वाळत घालायची दोरी, एक कडिपत्ता आणि आपोआप उगवलेलं वांग्याचं झाड. एवढ्याशा जागेत त्याला काय सापडतं कोण जाणे, पण येतो. आधी दिसत नाही, ऐकू येतो. टिवी टिवी टिवी टिवी, श्वास न घेता, एखाद्यानं आपली बाजू मांडायला सुरुवात करावी आणि समोरचा हो म्हणेपर्यंत थांबूच नये तसं. मग वांग्याच्या पानामागून शेपटी दिसते. देहाच्या मानानं जरा जास्तच लांब, आणि कायम वर उचललेली. पाठ पाटीवरच्या पेन्सिलीच्या रंगाची, पोट फिकट, पाय नारिंगी. मुठीत धरला तर मूठ रिकामीच वाटावी, एवढा जीव.

"काकू, हे पाखरू डोकं उठवते बापा," पुतणी म्हणते. मी तिच्याचकडे राहते.

"उठवू दे," मी म्हणते. "तुह्या बापाचंही उठवलं होतं त्यानं."

ती हसते, तिला वाटतं म्हातारीची सवय आहे बोलायची. आहेच. पण मी हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही.

त्याला वटवट्या म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आमच्याकडे त्याला धड नावच नव्हतं. ज्वारी खाणाऱ्या पाखरांना नावं होती, कारण त्यांना गोफणीनं हाकलावं लागे. हा दाणा खात नाही, अळ्या, तुडतुडे, कोळी असलं काहीतरी वेचून खातो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, म्हणून त्याची कुणी दखल घेतली नव्हती. 'ते शेपटीवालं' एवढंच म्हणायचो आम्ही.

माझं सासर अनसिंगच्या बाजूचं. रूळ गावापासून लांब होते, पण वारा तिकडून असला की गाडीची शिटी वावरात ऐकू यायची आणि निंदणाऱ्या बाया कंबर सरळ करायच्या. दुसरं महायुद्ध अजून लागायचं होतं. त्या वर्षी होळीच्या आसपास माझे मालक तापानं गेले. मी पंचविशीच्या आत होते, मूलबाळ नव्हतं. वाटण्या आधीच झालेल्या, त्यामुळे मागे एक घर, चांद्या-हौशा ही बैलजोडी आणि नाल्याकाठचं एक काळं वावर उरलं. आणि मी.

माझ्या मालकांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, या पुतणीचे वडील, शेजारच्याच घरात राहत. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी बोलत नाही. समोर येत नाही, आलीच तर पदर पुढे ओढून भिंतीला टेकते. काही सांगायचंच झालं तर तिसऱ्या माणसाला सांगायचं, आणि तिसरं माणूस नसेल तर वस्तूंना. मी सहा वर्षं त्यांच्याशी चूल, उखळ आणि बैल यांच्या मार्फत बोलत होते. "चांद्या, तुह्या मोठ्या मालकाले म्हना, पेरनीची पाभर आमच्याकडे राह्यली," असं गोठ्यात मोठ्यानं म्हणायचं. पलीकडून उत्तर यायचं, तेही चांद्यालाच. बैल बिचारा दोन्हीकडे कान हलवायचा. आमच्या तिघांमधला सगळ्यांत समजूतदार तोच होता.

मालकांचे दिवस झाल्यावर माझे वडील मंगरूळपीरहून मला न्यायला आले. मी गेले नाही. माहेरी आई नव्हती, भावजया होत्या, आणि चार दिवसांची माया आणि जन्माचं राहणं यांतला फरक मला कळत होता. मी जाऊबाईंकरवी भासऱ्यांना निरोप पाठवला, की वावर मीच वाहीन, मीच कसेन.

हे ऐकून ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. त्यांना खरोखरच माझी काळजी वाटली. ते स्वतः गावातले सगळ्यांत नेटके शेतकरी. त्यांच्या वावरात चुकून गवताची काडी दिसली तर ते वाटेत थांबून ती उपटायचे, मग कितीही घाई असो. धाकट्या भावाच्या वावरात रान माजलेलं लोक बघतील, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. मारुतीच्या पारावर चार माणसांसमोर ते म्हणाले, "करून पाहू द्या तिले एक हंगाम. पोळ्याले मी सोता वावर पाहीन. निर्मळ दिसलं तर तिचं तिनं वाहावं. तन दिसलं, तर पोळ्यापासून मी वाहीन. पोटाले काही कमी पडू देनार नाही."

गोदाबाई, माझी जाऊ, हा निरोप घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "येमू, शर्त कठीन आहे वो," ती म्हणाली. मला उलट बरंच वाटलं. तोवर जो तो मला नुसतं सांभाळून घ्यायला निघाला होता. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यापुढे काहीतरी करून दाखवायचं काम ठेवलं होतं. पोटाला कमी पडणार नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या चुलीवर शिजलेलं, दुसऱ्यानं वाढलेलं, आणि वाढताना "घे वो, लाजू नोको" असं म्हटलेलं अन्न मला आयुष्यभर खायचं नव्हतं. माझं सगळं भांडण एवढंच होतं.

आता या वयात कधी कधी मी उगीच हात बघते. डाव्या तळव्यावर अजून एक घट्टा आहे, मऊ झालाय पण गेला नाही. तो त्याच वर्षीचा. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, डवरणीला तण कापणारे दोन डवरे एका जोडीमागे चालतात. एक शिवराम गड्याच्या हातात असे, दुसऱ्याला माणूस मिळेना. मी पदर खोचला आणि दुसरा डवरा धरला. बाईनं डवरा धरला तर पाऊस रुसतो, असं गावात म्हणायचे. त्या वर्षी पाऊस रुसला नाही, उलट अंगावरच आला. अशी झड लागली की वावरात पाय ठेवला तर गुडघ्याएवढी माती पायाला धरून घरी यायची. "आता काय म्हन्ता?" मी गोठ्यात चांद्याला मोठ्यानं विचारलं. चांद्यानं नेहमीसारखे दोन्हीकडे कान हलवले.

पण झड हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. पीक भिजून पिवळं पडत होतं आणि तण तेवढं माजत होतं. उघाड पडली तेव्हा पऱ्हाटी शोधावी लागत होती. मी बाया लावल्या, आणि स्वतः पात धरली. पात म्हणजे प्रत्येकीनं निंदायचा आपापला पट्टा. सगळ्या जणी एका रेषेत बसतात, खुरप्यानं पुढे पुढे सरकतात, आणि कुणाची पात आधी लागते यावरून चढाओढ. जिच्या पातीत तण मागे राहिलं तिची काही खैर नसते. तिच्या आईनं तिला काय शिकवलं इथपासून सुरुवात होते.

माझ्या शेजारची पात सखूची. सखूचं तोंड आणि खुरपं दोन्ही सारख्याच वेगानं चालायचं. ओल्या मातीचा वास, चिरडलेल्या तरोट्याचा हिरवा उग्र वास, पाठीवर ऊन, आणि सखूच्या तोंडून अख्ख्या गावाची हालहवाल. मी दुःखात होते, हे खरं आहे. रात्री घर खायला उठायचं. पण दिवसा, त्या ओळीत बसून, खुरपं मातीत गेलं की मला माझं दुःख आठवायला सवड नसे. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. नवरा जाऊन पाच महिने झालेल्या बाईला वावरात बरं वाटतं, हे कुणाला आवडलं असतं?

धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, थोड्याच अंतरावर, माझ्या पातीत, रानभेंडीचं एक झुडूप आलं. चांगलं मांडीएवढं उंच, रुंद पानांचं. मी डाव्या हातानं बुंधा पकडला, उजव्यानं खुरपं घातलं, तोच ते माझ्या अंगावर आलं.

अंगावर म्हणजे, फार तर हातभर अंतरावर, शेजारच्या पऱ्हाटीच्या शेंड्यावर. शेपटी ताठ. चोच उघडी. आणि तोंडाचा पट्टा असा सुरू झाला की सखूसुद्धा गप्प झाली. मी हात हलवला, ते उडालं नाही. मी माती फेकली, ते पंखांचा चट चट आवाज करत गोल फिरून पुन्हा त्याच शेंड्यावर येऊन बसलं आणि जिथे बोलणं तुटलं होतं तिथून पुढे सुरू.

मी पान उचललं. खाली दोन पानं एकमेकांना शिवलेली. खरंच शिवलेली, पानांना भोकं पाडून कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी ओवलेली. आत काडीगवताची आणि कापसाची वाटी, आणि तिच्यात अंडी. नव्या विटेच्या रंगाची, तेल लावल्यासारखी चकचकीत. इतक्या लहान वस्तूवर इतका चांगला रंग मी तोवर पाहिला नव्हता.

"काढ ना वो, काय पाहून राह्यली?" सखू म्हणाली. "पात मांगं पडली तुही."

"राहू दे हे."

"काहून?"

काहून, ते मला नीट सांगता आलं नाही. दया आली म्हणावं, तर तशी मी काही दयाळू बाई नाही. विंचू दिसला की आधी चप्पल घेते. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या पाखरानं माझ्याशी सरळ भांडण केलं, तेच मला लागलं. पाच महिने सगळं गाव माझ्याविषयी बोलत होतं आणि माझ्याशी कुणीच बोलत नव्हतं. पारावर माझी चर्चा, न्हाणीपाशी माझी चर्चा, आणि मी आले की सगळ्यांना आपापली कामं आठवायची. भासऱ्यांचं बोलणं गोदाबाईंच्या तोंडून, वडिलांचं बोलणं कुणा येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडून. आणि इथे चिमटीएवढा जीव माझ्या डोळ्याला डोळा लावून म्हणत होता, हे माझं आहे, हात काढ. मी हात काढला.

सखूनं कपाळावर हात मारला. "येमुनाबाई, धुऱ्यावरून दिसते वो हे! मोठे मालक पोळ्याले येतीन तं आंधी याच्यावरच नजर जाईन."

"जाऊ दे."

"वावर जाईन ना तुहं, एका भेंडीपायी!"

ती बोलत होती ते खरंच होतं. मलाही ते दिसत होतं. मग मी एक गोष्ट ठरवली, आणि ठरवल्यावर मला फार हलकं वाटलं. हे झुडूप राहील, आणि ते सोडून या वावरात एक काडी राहणार नाही. त्या दिवसापासून पोळ्यापर्यंत मी जे काम केलं, ते मी आयुष्यात पुन्हा केलं नाही. बाया गेल्यावरही मी बसून राहायचे. निंदलेल्या ओळींतून पुन्हा जायचे. लव्हाळा वरून कापला की पुन्हा येतो, म्हणून त्याच्या गाठी बोटांनी उकरून काढायचे. डवरा त्या झुडपापाशी आला की मी तो उचलून अलगद पुढे न्यायचे, आणि शिवराम पलीकडून नुसता "हं" म्हणायचा. बैलांना मुसकी होती, पण पोट घासून जायचं, म्हणून त्या जागी मी बैलांच्या आणि रानभेंडीच्या मधून चालायचे.

पाखराला माझी सवय झाली नाही. मी रोज जायचे आणि ते रोज पहिल्यापासून भांडायचं. आपण ज्याच्यासाठी एवढं करतो त्यानं थोडी तरी ओळख दाखवावी, असं माणसाला वाटतं. त्यानं दाखवली नाही, आणि मला त्याचा आदरच वाटू लागला. कामातून मान वर केली की ते पऱ्हाटीच्या पानाखालून हिरवी अळी ओढताना दिसायचं. अळी त्याच्या चोचीपेक्षा लांब. ती तोंडात असतानाही ते बोलायचा प्रयत्न करायचं.

पुतणी आत्ता मधेच येऊन विचारून गेली, की काकू, कोणाशी बोलून राह्यली? मी म्हटलं, वांग्याशी. आमच्या घरात ही पद्धत जुनी आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकले. हळद घातलेल्या कोमट लोण्यानं वशिंडापासून मानेपर्यंत चोळलं, आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं त्यांच्या कानात म्हटलं. दरवर्षी हे माझे मालक म्हणायचे. शेलूबाजारहून त्यांनी गेल्या साली आणलेल्या झुली काढून झटकल्या. मग सहज वावराकडे गेले, तर धुऱ्यावर गोदाबाई. पदर खोचलेला, हातात विळा, आणि ती माझ्या रानभेंडीवर वाकलेली.

मी ओरडले. एवढी मोठ्यानं ओरडले की तिच्या हातातला विळा पडला.

"अवं, हे राह्यलं तुहं!" ती घाबरून म्हणाली. "उद्या पाहाले येतीन ते. म्या म्हटलं गुपचूप कापून टाकावं. तुले सांगतही नव्हती मी."

ती चोरून मला वाचवायला आली होती. नवऱ्याच्या शर्तीत नवऱ्याला हरवायला, एकटी, विळा घेऊन. मी तिला पान उचलून दाखवलं. अंड्यांची पिल्लं झाली होती, आणि सगळं घरटं म्हणजे नुसत्या उघड्या चोची. पाखरानं आता आम्हा दोघींना धारेवर धरलं. गोदाबाई बराच वेळ बघत राहिली. तिला लहान जिवांचं फार होतं.

"पर वावर, येमू?" ती शेवटी म्हणाली.

मला रडू आलं. मी म्हटलं, "माहीत नाही बाई." खरंच माहीत नव्हतं. रात्रभर मी ते झुडूप मनातल्या मनात कितीदा उपटलं आणि कितीदा परत लावलं.

सकाळी भासरे आले, मागे गोदाबाई. मी पदर ओढून धुऱ्यावर उभी. त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि प्रत्येक ओळीतून चालत गेले. घाई नाही. कुठे वाकून माती चाचपायचे, कुठे पऱ्हाटीचं पान उलटून बघायचे. नाल्यापर्यंत गेले, परत आले. मी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला, पण सहा वर्षांत मी त्यांचा चेहरा सरळ कधी पाहिलाच नव्हता, वाचणार काय? शेवटच्या ओळीला ते रानभेंडीपाशी थांबले.

"तिले सांग," ते बायकोला म्हणाले, "हे राह्यलं."

गोदाबाई माझ्याकडे वळली. तिनं तोंड उघडण्याआधीच मी बोलले. पदर तसाच होता, पण बोलणं त्यांच्याशी होतं.

"राह्यलं नाही, भाऊजी. ठेवलं."

मागे धुऱ्यावर शिवराम बैल घेऊन उभा होता, त्यानंसुद्धा खाली पाहिलं. भासऱ्यांना काय करावं ते कळेना. ते पुन्हा बायकोकडेच बघून म्हणाले, "तिले सांग, शर्त शर्त असते. पारावर बोललो मी."

"मलेच सांगा," मी म्हटलं. "मी अथीच उभी आहो."

बोलत होतं ते एकटं पाखरू. भासरे खाली वाकले, पान उचललं, आणि त्याबरोबर ते त्यांच्या पागोट्याभोवती चट चट करत फिरू लागलं. गावात ज्यांच्यापुढे कुणी आवाज चढवत नसे, त्यांना त्या दिवशी एवढं ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी पान होतं तसं सोडलं, वहाणा घातल्या, आणि हो नाही काही न बोलता निघून गेले.

मला वाटलं, गेलं. दिवसभर मी पुरण वाटलं, बैल धुतले, शिंगं रंगवली, आणि प्रत्येक कामात वाटत होतं की हे शेवटचं. पोळ्याला तोरणाखाली जोडी कुणाच्या हातात असते, यावरून वावर कुणाचं ते गाव ठरवतं. वाजंत्री सुरू झालं. गल्लीतून जोड्या निघाल्या, घुंगरांचा नाद दारावरून जाऊ लागला. भासऱ्यांची स्वतःची जोडी घेऊन त्यांचा गडी पुढे गेला. ते मात्र माझ्या अंगणात आले आणि कासऱ्यासाठी त्यांनी हात पुढे केला.

अख्खी गल्ली बघत होती. विधवा बाई पोळ्यात जोडी घेऊन जात नाही. तोरणाखाली तर तिची सावलीही पडू देत नाहीत. हात पुढे करणारा माणूस वाईट नव्हता, एवढंच मला आठवतं. कासरा देऊन टाकला असता तर सगळ्यांचा सण गोड झाला असता.

मी कासरा हाताला एक वेढा देऊन आणखी घट्ट धरला.

"मी नेईन, भाऊजी."

"बाई? पोळ्यात?" ते चांद्याला म्हणाले.

"डवऱ्यामांगं बाई चालली. पातीत बाई चालली. मंग पोळ्यात काहून नाही?"

ते बघत राहिले. माझ्याकडे, मग जोडीकडे. मग त्यांचा हात खाली आला. हौशाच्या झुलीची एक गाठ सुटत होती, ती त्यांनी पुन्हा आवळून बांधली. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले, सरळ, मधे कुणी नाही, बैल नाही, भिंत नाही.

"हौशा तोरनाले बुजते," ते म्हणाले. "त्याले डाव्या अंगानं घे. आन् कासरा आखूड धर."

मी हौशाला डाव्या अंगाला घेतलं, कासरा आखूड धरला, आणि निघाले.